होमस्टेच्या साइटवर काय लिहायचं

तारकर्लीच्या तुझ्या होमस्टेच्या साइटचं पान वाचलं. पहिल्याच परिच्छेदात 'तारकर्ली होमस्टे' इतक्या वेळा आलंय की खोलीत एसी आहे का, जेवण मिळतं का हे कळायच्या आधीच माणूस बॅक दाबून जाईल, आणि असे शब्द कोंबणं गूगलच्या नियमात स्पॅम धरलं जातं, म्हणजे फायदा सोडच. तो शब्द टायटलमध्ये (सर्चच्या निकालात पानाचं नाव म्हणून दिसते ती ओळ) घे, वरच्या मोठ्या हेडिंगमध्ये घे, बाकी ओघात येईल तेवढा पुरे. मेटा कीवर्डच्या, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहायच्या शब्दांच्या, मागे लागूच नको, रँकिंगसाठी, म्हणजे निकालात पान किती वर दाखवायचं ते ठरवताना, आपण ते बघत नाही हे गूगलने २००९ सालीच सांगितलंय. डिस्क्रिप्शननेही, म्हणजे निकालात टायटलखाली दिसू शकणाऱ्या छोट्या वर्णनानेही, रँक वाढत नाही पण लोक ते वाचून क्लिक करतात, त्यामुळे ते नीट लिही.

खरी मेहनत पुढे आहे. लोक फोनवर काय विचारतात ते आठव, कुडाळ स्टेशनवरून यायचं कसं, पावसाळ्यात स्कूबा चालू असतं का, शाकाहारी जेवण मिळेल का. एकेका प्रश्नाचं छोटं हेडिंग कर आणि पहिल्याच ओळीत सरळ उत्तर दे, कारण सर्चमध्येही लोक हेच टाइप करतात, कितीतरी जण मराठीत, म्हणून मराठी पान वेगळं कर, फक्त ट्रान्सलेटरमधून काढून जसंच्या तसं चिकटवू नको प्लीज, वाचताना लगेच कळतं.

मग सर्च कन्सोल जोड, आपली साइट सर्चमध्ये कुठल्या शब्दांना दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल आहे, फुकट आहे. पान दिसतंय पण क्लिक येत नाहीत असे शब्द तिथे सापडतील, त्या पानांची टायटलं आधी बदल.