आजोबांची जुनी पंप बंदूक खोलून, नळी आखूड करून शिकारीलायक करता येईल का?

नळीला हात लावू नका. खोलायचं कसं ते सांगतो, पण आधी हे.

तुम्ही लिहिलंय की बंदूक अमेरिकन आहे, घोडा बाहेर आहे, शेत शिवपुरीकडे आहे आणि रोझ, म्हणजे नीलगायी, हरभरा खातात. आमच्या ग्वाल्हेरच्या घरात याच बंदुकीवरून दोन भावांची बोलाचाली बंद झाली, म्हणून एवढं लिहायला बसलो.

आमची विंचेस्टर 1897, बारा बोर. आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते, त्यांच्यानंतर नानांनी ती सांभाळली. नाना गेल्यावर लायसन्स माझ्या नावावर झालं, ते दादाला, म्हणजे थोरल्या चुलतभावाला, कधीच पटलं नाही. तीस इंची नळी जीपमध्ये आडवी येते, डबऱ्याच्या शेतात रोझ धुडगूस घालतात, वापरायची नाही तर ठेवायची कशाला, हे त्याचं पालुपद. मी बाहेरगावी असताना त्याने नळी काढून हजिऱ्यातल्या एका लेथवाल्याकडे नेली. मी पोचलो तेव्हा ती चकमध्ये आवळलेली होती आणि तोंडापासून वीतभर मागे खडूची रेघ. मी ती सोडवली, कापडाचा घट्ट बोळा चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या, बाजूने घातला आणि लेथवाल्याला गजाने पुढे सरकवायला लावला. सगळी नळी तो सुरळीत गेला आणि तोंडाशी येऊन अडकला. दादाकडे बोट दाखवून मी म्हटलं, हे इथे अरुंद का केलंय ते याला विचार. दादाला सांगता आलं नाही.

तो चोक. बारा बोरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते, फुल चोकमध्ये ती तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटर आवळते. तेवढ्यावर चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे बसतात. तोंड कापलं की ते चाळीसच्या घरात येतात, बाकीचे जनावराला जखमी करून सोडतात. नेम धरायची माशीही त्या कापलेल्या तुकड्याबरोबर जाते. आणि शस्त्र कायदा 1959 चं कलम 6 परवान्याशिवाय नळी आखूड करायला मनाई करतं. लेथवाल्याकडे तो परवाना नसतो.

यापेक्षा मोठा धोका चेंबरचा. जुन्या बारा बोरचं चेंबर कधी कधी 2⅝ इंची असतं, आजचं काडतूस 2¾ म्हणजे 70 मिलिमीटर. न उडवलेलं काडतूस आत आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडल्यावर ती घडी उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. तेव्हा 'बसतंय की' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नळी उतरवून चेंबर मापून घ्या. आणि या मॉडेलमध्ये चाप दाबून धरून पंप केला तर पुढचं काडतूस आपोआप उडतं.

खोलण्याचं. नळी आणि बॉडीमध्ये सांधा दिसतो का बघा. दिसला तर ती टेकडाउन, म्हणजे नळी सुटी होणारी, आहे: मॅगझिनच्या, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्याच्या, पुढच्या टोकाची कळ ढकलून ते नळकांडं पाव फेरा फिरवा, पुढे ओढा, मग नळी पाव फेरा फिरवली की निघते. सांधा नसेल तर नळी आट्यांनी घट्ट बसवलेली आहे, घरी प्रयत्न करू नका. स्क्रूच्या खाचा बारीक असतात, बाजारातला स्क्रूड्रायव्हर त्यांचे काठ खातो. बंदूकवाल्याकडे घासून घेतलेला असतो, तोच हवा. स्प्रिंगांना हात लावू नका.

शिकारीचं म्हणाल तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ती बंद आहे. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याकडे लेखी अर्ज करा, कलम 11 खाली परवानगी मिळाली तरच जनावर मारता येतं. परवानगीशिवाय रोझावर गोळी घातली तर बंदूकही जाईल आणि तुम्हीही आत जाल. दादाला हे मी कितीदा सांगितलं! त्याचं उत्तर एकच, 'पूर्वी तर सगळे मारायचे.' पूर्वी ग्वाल्हेरजवळ घाटीगावला माळढोकही होते.

आणखी एक. बंदूक आजोबांच्या नावावर असेल तर आधी कलम 21 खाली ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि वारस म्हणून अर्ज करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेही बघा. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर खोलण्याची पद्धत थोडी बदलेल, पण चेंबर मोजायचंच. कुणा भावाचा विकायचाच हट्ट असेल तर परवाना असलेल्या दुकानदारालाच विका, आणि नळी आहे तशी अख्खी.