साक्ष द्यायला सांगितलंय, पण सांगू काय?

"ताई, गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत यिर्मया २९:११ हे वचन मी वर्षभरासाठी मनाशी धरलं. कागदावर लिहून आरशाला चिकटवलं. मार्चमध्ये बाबांना कर्करोग निघाला. सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या. ऑगस्टमध्ये बाबा गेले. पाठोपाठ माझी नोकरीही गेली. मंडळीतल्या एक काकू म्हणाल्या, 'कुठेतरी विश्वास कमी पडला असेल.' आता पाळकसाहेबांनी मला वर्षाअखेरच्या उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने वर्षभरात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय, 'लोकांना धीर येईल असं बोल' म्हणाले. मी येशूला सोडलेलं नाही. पण नवीन वर्षाचं मला काहीच वाटत नाही. खोटं बोलू? की त्या दिवशी जाऊच नको? एका अभ्यासक्रमाचा अर्जही अर्धा भरून पडलाय, पुढचं वर्ष कसं जाईल कुणाला ठाऊक. – अ."

प्रिय अ.,

खोटं बोलू नकोस. साक्षीचं काय करायचं ते बघू, पण आधी त्या काकूंचं बोलणं निकालात काढू या.

'विश्वास कमी पडला' हे वाक्य बोलणाऱ्याच्या फार सोयीचं असतं. ते एकदा म्हटलं की आपल्या घरी असं काही होणार नाही असं वाटायला लागतं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा तसाच राहिला. या दोघांचा विश्वास कमी पडला असं म्हणायची काकूंची तरी छाती होईल का? तुझ्या बाबांसाठी मंडळीने केलेली एकही प्रार्थना वाया गेली असं मी मानत नाही. पण त्या प्रार्थनांचा हिशेब तुझ्या नावावर मांडायचा अधिकार कुणालाच नाही.

आता त्या आरशावरच्या वचनाकडे येऊ. तुझा खरा राग त्याच्यावर आहे असं तुझं पत्र वाचताना वाटलं, आणि तो मला समजतो. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.' जानेवारी उजाडला की हे वचन फोनवर फुलांच्या चित्रासकट फिरायला लागतं. मागचं-पुढचं काहीच फिरत नाही. ते एका पत्रातलं वाक्य आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र पाठवलं होतं. घरदार गेलेलं, मंदिर दूर राहिलेलं, अशा त्या माणसांना तो काय लिहितो? घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि या सगळ्यानंतर, तुझ्या वचनाच्या अगदी आधीच्या वचनात तो सांगतो, की परत यायला ७० वर्षं लागतील.

सत्तर! ते पत्र ऐकणाऱ्यांत जो चाळिशीचा होता, त्याला तिथेच कळलं असणार की आपण काही घरी परतत नाही. म्हणजे 'हिताचे संकल्प' हे शब्द ज्यांना पहिल्यांदा मिळाले, त्यांचं पुढचं वर्ष चांगलं जाणार नव्हतं, आणि देवाने तसं सांगितलंही नव्हतं. तू वर्षभराची हमी म्हणून ते वचन उचललंस. चूक तुझी नाही, आपण सगळे ते तसंच वाटतो.

त्या काळात हमी देणारा दुसरा एक संदेष्टा होता, हनन्या. आधीचाच अध्याय वाच. तो म्हणाला, दोन वर्षांत सगळं सुरळीत होईल, आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून त्याने सगळ्यांसमोर मोडलं. मला यात यिर्मयाचं वागणं फार आवडतं. हनन्याचं ऐकून तो आधी म्हणतो, 'आमेन, परमेश्वर असंच करो.' त्यालाही तेच हवं होतं ना! जू मोडल्यावरही तो भांडत बसला नाही, आपल्या वाटेने निघून गेला. देवाचा पुढचा शब्द त्याला नंतर मिळाला. काकू पुन्हा भेटल्या तर हे करून बघ. 'आमेन' म्हणायचं आणि चालू लागायचं.

पण नवीन वर्षाकडे आशेने कसं बघायचं, हा तुझ्या पत्रामागचा मुख्य प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला याच यिर्मयाच्या एका व्यवहारात सापडतं. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, आपल्या अनाथोथ गावातलं माझं शेत विकत घे. देश बुडतोय आणि हा शेत विकायला निघालाय! यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल चांदी ताजव्यात तोलून देतो. खरेदीखतावर सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार बोलावतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हातात देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

आणि हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो की नगर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? शंका होतीच, पण आधी कागद केले आणि शंका मागून मांडली. पुढच्याच वर्षी नगर पडलं. यिर्मयाने ते शेत कधी कसल्याची नोंद शास्त्रात नाही.

तुला 'काहीच वाटत नाही' म्हणतेस. त्या दिवशी यिर्मयालाही काही फार छान वाटत असेल असं मला दिसत नाही. आशा आधी मनात फुलायला हवी आणि मग हात हलतील, अशी आपण उगाच वाट बघत बसतो. माझा देवावरचा विश्वास मला याच्या उलटं सांगतो. ज्याने येशूला मेलेल्यांतून उठवलं, त्याच्या हाती शेवट आहे. तेव्हा आज मला कसं वाटतंय यावर काम अडवून ठेवायचं कारण नाही.

पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंयस की एका अभ्यासक्रमाचा अर्ज अर्धा भरून पडलाय, 'पुढचं वर्ष कसं जाईल कुणाला ठाऊक' म्हणून. अगं, तोच तुझा अनाथोथ! भरून टाक. प्रवेश मिळेल की नाही, मिळाला तर नोकरी लागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी वचनाच्या आधारे सांगितलं तर त्याला हनन्या समज. अर्ज मात्र शेवटची तारीख बघून आधी पाठव.

एक गोष्ट मधेच विचारते. झोप लागते का? सकाळी उठवतं का? हे काही वाटेनासं होणं कित्येक आठवडे चाललं असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर आजच घरात कुणाला तरी सांग आणि डॉक्टरांकडे जा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही.

आता साक्ष. 'नाही' म्हणायची तुला पूर्ण मुभा आहे, त्यात प्रभूला नाकारल्यासारखं काही नाही. पण बोलावंसं वाटलं तर स्तोत्र १३ वाच. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद देवाला चार वेळा 'कोठवर?' विचारतो, आणि शेवटी त्याच्या दयेवर भरवसा टाकतो. परिस्थिती बदलल्याचं मधे कुठेच लिहिलेलं नाही. वाचून झाल्यावर एवढं म्हण की मी जे मागितलं ते मला मिळालं नाही, बाबांची आठवण येते, मी अजून येशूला धरून आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. त्या रात्री तुझ्यासारखे आणखी काही जण हसरा चेहरा करून बसलेले असतील. त्यांना धीर येईल तो याच बोलण्याने.

असं बोलायची आपल्याकडे जुनी परंपराही आहे. जर्मन पाळक डीट्रिश बोनहोफर यांनी डिसेंबर १९४४ मध्ये, बर्लिनमध्ये गेस्टापोच्या, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांच्या, कैदेत असताना, वाग्दत्त वधूला नवीन वर्षासाठी एक कविता पाठवली. सुटका होईल असं आश्वासन त्या कवितेत नाही. दुःखाचा भरलेला प्याला देवाने पुढे केला तर तो त्याच्याच हातून घेऊ, असं आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी दिली. ती कविता आजही मंडळ्यांतून गायली जाते.

पाळकसाहेबांना मात्र आधी भेट आणि काय बोलणार ते सांग. ते ऐकून घेतील असं मला वाटतं. कदाचित तुझ्या मनात काय चाललंय ते त्यांना ठाऊकच नसेल. त्यांना हसतमुख साक्षच हवी असेल तर नम्रपणे नकार दे, मागे बस, आणि गाणी म्हणावीशी वाटली नाहीत तर बाकीच्यांना म्हणू दे. फक्त हे चार दिवस आधी कळव, म्हणजे त्यांना दुसरं कुणी बघता येईल.

तुझी,
ताई