आतली बातमी आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : एसटीत वाहक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पाच लाखांची एफडी आहे, मार्चमध्ये मुदत संपते. भाच्याने टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. एका छोट्या कंपनीला ३०० कोटींची ऑर्डर मिळाल्याची आतली बातमी तिथे आली आहे. शेअर रोज अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसभरात वाढू देतात त्या कमाल भावाला, जातोय. भाच्याच्या चाळीस हजारांचे सत्तर झाले. एफडी मोडून चार लाख लावू का? – एक वाचक, कराड

उत्तर : नका लावू.

तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलात ते बरं केलंत. मेसेज सकाळी ११.४२ चा आहे. त्या शेअरचे आधीचे व्यवहार काढून पाहिले. एरवी दिवसाला दोन-तीन हजार शेअर हलतात. मेसेजच्या आधीच्या चार दिवसांत रोज लाखाच्या वर. ज्यांना घ्यायचे होते त्यांनी घेऊन ठेवले, आता त्यांना गिऱ्हाईक हवंय.

आता ती ऑर्डर. एवढी मोठी गोष्ट लिस्टेड कंपनीला शेअर बाजाराला कळवावीच लागते. मुंबई शेअर बाजाराच्या, म्हणजे बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की तिची सगळी पत्रं दिसतात, फुकट. पत्र आहे, पण ते सामंजस्य कराराचं, कुणावरही बंधन नसलेलं. ३०० कोटींचा आकडा त्यात कुठेच नाही. कंपनीची गेल्या वर्षीची विक्री नऊ कोटी. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब पैशापैशाने जुळवलात, हा का नाही जुळवून पाहिलात?

साधना ब्रॉडकास्टच्या शेअरचं २०२२ मध्ये असंच झालं. यूट्यूबवर व्हिडिओ आले : अदानी समूह कंपनी घेतोय, अमेरिकन कंपनीशी ११०० कोटींचा करार झालाय. जाहिरातीवर पैसा ओतून ते लोकांपुढे नेले. छोटे भागधारक २,१६७ होते, ते ५५,३४३ झाले. आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशानुसार, त्याच काळात काही प्रवर्तक आणि बडे भागधारक चढ्या भावाने आपले शेअर विकून मोकळे होत होते.

रोजचं अप्पर सर्किट बघून जीव वरखाली होतो, मान्य. पण सर्किट लागलेलं असताना विकणारा नसतो, म्हणून तुम्हाला शेअर मिळतच नाही. ज्या दिवशी हवे तेवढे मिळायला लागतील, त्या दिवशी विकणारे आलेत असं समजा. मग लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला. सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायची, पुढे लाखो शेअरची रांग, घेणारा एकही नाही. रोज पाच टक्के जातात आणि तुम्ही नुसते बघत बसता. एफडी वेळेआधी मोडल्याचा दंड त्यापुढे किरकोळ वाटेल.

अ‍ॅडमिनला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. शेअरबद्दल शिफारशी देणाऱ्या रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, सेबीच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का ते बघा. बहुधा ग्रुपमधून काढून टाकतील. तेही उत्तरच झालं!

बाजारात यायचंच असेल तर मार्चला एफडी सुटू द्या. वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवून इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या म्युच्युअल फंडात, थोडे थोडे घालू. किती, ते तेव्हा बोलू.

भाच्याला मात्र आजच विचारा : ते सत्तर हजार बँकेत आलेत, की नुसते मोबाइलच्या स्क्रीनवर आहेत?