'खंजलुरी'तला खंजीर आपलाच का?

प्रश्न असा आहे: जॉर्जियातल्या 'खंजलुरी' या तलवारनृत्याच्या नावात आपला 'खंजीर' ऐकू येतो. तो खरोखर तोच, की नुसता कानाचा भास?

तोच. अरबी-फारसी 'खंजर' इकडे दख्खनेत येऊन मराठीत खंजीर झाला, तिकडे कॉकेशसमध्ये जाऊन 'खंजाली'. रशियन 'किंझाल'ही याच गोतावळ्यातला. आपण त्यांच्याकडून घेतला नाही, त्यांनी आपल्याकडून नाही.

'खंजाली'तल्या शेवटच्या 'ई'वरून तो शब्द स्त्रीलिंगी समजू नका. जॉर्जियनमध्ये लिंगभेदच नाही. तो प्रथमेचा प्रत्यय आहे. त्याला '-उरी' (म्हणजे 'चा', 'संबंधीचा') लागताना मधला स्वर गळतो आणि 'खंजलुरी' होतं. मग 'खेवसुरुली' या नाचाच्या नावात '-उली' का? मूळ शब्दात 'र' असेल तर प्रत्ययातला 'र' बदलून 'ल' होतो, दोन 'र' जवळजवळ नकोत म्हणून. खुद्द जॉर्जियन भाषेचं नाव 'कार्तुली' आहे, ते याच नियमाने. मला तर हा नियम त्या नाचांइतकाच डौलदार वाटतो.

एक दुरुस्ती मात्र हवी. खंजलुरी हे तलवारनृत्य नव्हे. त्यात चोखा (तिकडचा लांब अंगरखा) घातलेले पुरुष खंजीर चालवण्यात एकमेकांशी चढाओढ करतात. तलवारीला तिकडे 'ख्माली' म्हणतात, आणि ढाल-तलवारीचा नाच म्हणजे खेवसुरुली. ईशान्येला डोंगरात खेवसुरेती नावाचा प्रदेश आहे. शातिलीसारखी दगडी बुरुजांची गावं तिथलीच. तिथल्या ढाल-तलवारीच्या खेळाला 'फारिकाओबा' म्हणतात, 'फारी' म्हणजे ढाल यावरून. आपला फरीगदगा लगेच आठवतो, पण एवढ्या साम्यावर मी नातं जोडणार नाही.

पक्कं नातं आहे ते वेगळ्याच शब्दाचं. खेवसुरुलीत झुंज पेटते, तलवारी छोट्या गोल ढालींवर आदळून ठिणग्या उडतात, आणि एक बाई डोक्यावरचा रुमाल काढून दोघांच्या मध्ये टाकते. त्यासरशी लढाई थांबते, अशी तिथली जुनी रीत. त्या रुमालाला म्हणतात 'मंदिली'. हा अरबी 'मंदील', म्हणजे आपला जरीचा मंदील! आपल्याकडे तो पुरुषाच्या डोईवर चढला. तिथे 'मंदिलोसानी', म्हणजे मंदीलवाली, हा बाईला आदराने म्हणायचा शब्द झाला.