मंगोलियातले पशुपालक जनावरांवर इतका जीव लावतात, मग तीच कापून कशी खातात?

मी पशुवैद्यक. नोकरीची बहुतेक वर्षं माण-खटावच्या पट्ट्यात गेली, म्हणजे मेंढ्यांतच गेली. निवृत्त झाल्यावर काही मित्रांबरोबर मंगोलियात, गोबीतल्या दुंदगोवी प्रांतात, एका पशुपालक कुटुंबाशेजारी तंबू ठोकून तीन आठवडे राहिलो. एप्रिल महिना होता. माझं भांडवल एवढंच, बाकी वाचलेलं.

तुमच्या प्रश्नातल्या 'मग' या शब्दापाशी मी अडलो. ज्याला जीव लावला ते खायचं नाही, हा हिशोब दारात भाजीची गाडी येणाऱ्यांचा. गोबीत भाजीची गाडी येत नाही आणि शेतीही जवळजवळ होत नाही. येतं ते गवत, तेही बोटभर, आणि ते माणसाला पचत नाही. ते पचवणारं जनावर आणि आपण, एवढाच तिथला संसार.

त्यांच्या भाषेत जनावरांना 'माल' म्हणतात. आपल्याकडे गावात 'जित्राब' म्हणतात ना, अगदी तोच अर्थ. घोडा, गाय (उंचावर याक), उंट, मेंढी आणि शेळी मिळून 'पाच मुस्कटांचा माल'. त्यातही घोडा आणि मेंढी 'गरम मुस्कटाची', उरलेली तीन 'थंड मुस्कटाची'. सगळ्या देशात माणसं ३५ लाखांच्या आसपास आणि जनावरं सहा कोटींच्या घरात. राहायचा गोल तंबू, म्हणजे गेर, मेंढीच्या लोकरीच्या नमद्याने, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाने, मढवलेला. बांधायच्या दोऱ्या घोड्याच्या आणि उंटाच्या केसांच्या. झाडंच नाहीत, त्यामुळे चुलीत वाळलेलं शेण. चहा दूध-मीठ घातलेला. (पहिल्या दिवशी मला तो चहा वाटलाच नाही, पातळ सार वाटलं. तिसऱ्या दिवशी मीच मागून घेतला.) एकमेकांना भेटल्यावर आधी जनावरं धष्टपुष्ट आहेत का, हे विचारतात. माणसाची तब्येत त्याच उत्तरात कळते.

आता जीव लावणं म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. एप्रिल म्हणजे मेंढ्यांच्या वेताचा हंगाम, आणि वाळूच्या वादळांचाही. कळपातल्या एका पहिलटकरणीने कोकरू नाकारलं. जवळ आलं की डोकं मारायची. मेंढी वासावरून पिल्लू ओळखते, आणि व्याल्यावरच्या पहिल्या काही तासांत ती ओळख पटली नाही तर पुढे अवघड होतं. अशा वेळी मी काय केलं असतं? मेंढी बांधली असती, कोकराच्या अंगाला मीठ चोळलं असतं, म्हणजे ती चाटायला लागते. त्यांनीही तेच केलं. पण मग घरातली आजी, तिला सगळे 'एमे' म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायला लागलो, मेंढीजवळ गुडघे टेकून बसली आणि गायला लागली. शब्द एकच, 'तोइग, तोइग, तोइग'. चाल हलायची, शब्द हलत नव्हता. मध्येच कोकरू सडाला लावायचं, मेंढीने झटकलं की थांबायचं, पुन्हा गायचं. पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही. मी मनात म्हटलं, जाणार हे कोकरू. दुसऱ्या संध्याकाळी वारा पडला होता. बऱ्याच वेळाने मेंढीची मान खाली आली, कान सैल सुटले आणि तिने पान्हा सोडला. कोकराची शेपटी अशी काही हलायला लागली की आमचा दुभाषी पोरगा टाळ्या वाजवणार होता. एमेने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

माझं शास्त्र सांगतं की भेदरलेल्या जनावराला पान्हा फुटत नाही, आणि त्याच संथ आवाजाने ते निवत असणार. असेल. पण ऐंशीच्या घरातली बाई दोन संध्याकाळी थंडीत गुडघ्यांवर बसते, हे शास्त्रात बसवायच्या फंदात मी पडलो नाही.

उंटिणीसाठी शब्द वेगळा, 'खूस, खूस'. तिथे गायनाबरोबर मोरिन खूर, म्हणजे घोड्याच्या डोक्याचं शिल्प असलेलं दोन तारांचं वाद्य, वाजवतात. त्या वेळी उंटिणीच्या डोळ्यांत पाणी येतं असं सांगतात. मला ते बघायला मिळालं नाही. २०१५ साली युनेस्कोने हा विधी तातडीने जपायला हव्या अशा परंपरांच्या यादीत घातला. उंट पाळणारी घरं कमी होताहेत, हे त्यामागचं साधं कारण.

घोड्याचं मात्र उलटं. मी घोड्याचं नाव विचारलं तर सगळे हसले. घोड्याला नाव ठेवायची पद्धतच नाही. रंगाने ओळखायचं: झेर्द म्हणजे तांबूस, बोर म्हणजे करडा, आणि अशा छटांसाठी शेकडो शब्द. घोडे बांधलेले नसतात. एक वळू घोडा आपल्या घोड्या-शिंगरं घेऊन दूर कुठेतरी चरत असतो, मालक अधूनमधून मोटारसायकलवर जाऊन बघून येतो. हवा तेव्हा 'उर्गा' नावाच्या लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या फासाने पकडायचा, काम झालं की सोडून द्यायचा. मला आधी हे दुर्लक्ष वाटलं. पण तिथला हिवाळा उणे ३० ते ४० अंशांपर्यंत जातो, आणि घोडा बर्फ खुरांनी उकरून स्वतः गवत शोधतो. त्याला दावणीला बांधून लाड केले तर तो जगणारच नाही.

जुलैत नादाम नावाचा उत्सव असतो. त्यातल्या लांबच्या शर्यतीत मुलं घोडे पळवतात. दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत जे सगळ्यात शेवटी येतं, त्याचाही मान होतो. त्याला 'बायान खोदूद' म्हणतात, म्हणजे भरल्या पोटाचं, आणि पुढच्या वर्षी तू पहिला येशील असं त्याच्यासाठी गाऊन म्हणतात. जिंकलेला, लाडका घोडा म्हातारा होऊन मेला तर त्याची कवटी उंचावर, देवाच्या दगडांच्या राशीवर नेऊन ठेवतात आणि निळं खदग, म्हणजे मानाचं रेशमी वस्त्र, बांधतात.

आता कापण्याबद्दल, कारण खरा प्रश्न तोच. आम्ही गेलो त्या दिवशी पाहुण्यांसाठी मेंढा कापला. मी जाणूनबुजून जवळ उभा राहिलो. मेंढ्याला उताणा धरतात, छातीच्या हाडाखाली चाकूने छोटा छेद घेतात, हात आत घालून मुख्य रक्तवाहिनी बोटांनी तोडतात. आरडाओरडा नाही. जमिनीवर रक्ताचा थेंब पडू द्यायचा नाही, ते आतच साठतं आणि नंतर आतड्यात भरून शिजवतात. मी कत्तलखान्यांच्या तपासण्या केल्यात, त्यामुळे एवढंच सांगतो की तिथे बघितलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा हे कमी त्रासाचं वाटलं. वर्षाचं मांस नोव्हेंबरच्या सुमारास एकदम करतात, त्याला 'इदेश' म्हणतात. तेव्हा जनावर सगळ्यात भरलेलं असतं आणि बाहेरची थंडीच फ्रीजचं काम करते.

सगळीच कापतात असंही नाही. एखाद्या जनावराला रंगीत फीत बांधून 'सेतेर' करतात. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही. आपल्याकडे देवाला वळू सोडतात, त्याच जातीची गोष्ट. आणि आपणही बैलाला पोळ्याला पुरणपोळी चारतो, म्हातारा झाला की त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवायची आपल्याला फार घाई नको.

मात्र पर्यटनाच्या व्हिडिओत दिसतं तसं सगळं निसर्गाशी एकरूप वगैरे नाही. १९९० नंतर सामुदायिक कळप मोडले, जनावरं खाजगी झाली आणि हातात पैसा आणणारी वस्तू म्हणजे शेळीची कश्मिरी लोकर. तेव्हा ५० लाखांच्या आसपास असलेल्या शेळ्या आता दोन कोटींच्या वर आहेत. शेळी गवत मुळापासून ओरबाडते, कुरणं उजाड होताहेत. हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे. पोरांची फी आणि मोटारसायकलचे हप्ते त्या लोकरीतूनच जातात, म्हणून शेळ्या कमी करायला पहिला कोण पुढे होणार, यावर गाडी अडते.

आणि मग येतो झुद. उन्हाळ्यात पाऊस नाही, हिवाळ्यात बर्फ जास्त किंवा बर्फावर कडक थर, म्हणजे गवत समोर असून तोंडाला लागत नाही. जनावरं उभ्याउभ्या मरतात. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं गेली, २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून जास्त. कळप गेलेली कित्येक घरं गेर गुंडाळून राजधानी उलानबातरच्या कडेला जाऊन राहिली. एमेच्या थोरल्या मुलाचं घर त्यातलंच. त्याची किती जनावरं गेली असं मी विचारलं, तर तिने आकडा सांगितलाच नाही. बोटांवर मोजत रंग सांगत बसली: एक झेर्द, दोन बोर, एक काळी कपाळावर पांढरा ठिपका असलेली. दुभाषी पोरगा मध्येच थांबला, सगळे रंग त्यालाही इंग्रजीत सांगता येईनात.

निघायच्या सकाळी मी एमेला म्हटलं, ती पहिलटकरीण दाखवा. मला कळपात ती ओळखू आली नाही. एमेने नीट वळूनही न बघता हात केला, ती बघ. कोकरू पोटाखाली ढुशा देत होतं. मी अखेर विचारलंच, या नोव्हेंबरात हिला कापणार का?

दुभाष्याने विचारलं, ती काहीतरी बोलली, तो हसला. म्हणाला, "एमे म्हणते, आत्ताच तर आई झालीय. दात झिजले की बघू. दात गेलेली मेंढी हिवाळा काढत नाही, तिला बर्फात कशाला सोडायची?"