यादीत खूण न केलेली व्याख्याने

प्रिय चि.,

अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्यापीठात येत्या सत्रात होणाऱ्या चर्चासत्रांची आणि पाहुण्या वक्त्यांच्या व्याख्यानांची यादी तू पाठवलीस आणि त्यांतली कोणती ऐकावीत असे विचारलेस. तू पाच ठिकाणी खुणा केल्या आहेस आणि ती पाचही व्याख्याने तुझ्याच जीवरसायनशास्त्र विभागातली आहेत. भूकंपलहरींवरचे व्याख्यान, संख्याशास्त्र विभागातले अपुऱ्या नोंदींविषयीचे चर्चासत्र आणि भौतिकशास्त्राचे कोलोक्वियम (विभागाची नियमित व्याख्यानसभा) या ओळी मात्र तू कोऱ्या सोडल्या आहेस. मी लिहिणार आहे ते मुख्यतः त्या कोऱ्या ओळींविषयी.

स्वतःच्या विभागातल्या व्याख्यानांना तू जाशीलच; मार्गदर्शकांची नजर असते म्हणून तरी जावेच लागते. शिवाय तिथे सांगितले जाणारे बरेचसे तुला शोधनिबंधांतून आज ना उद्या कळणारच आहे. दुसऱ्या शास्त्रातला निबंध तू आपण होऊन उघडण्याची शक्यता फार कमी. त्या शास्त्रातला जाणता माणूस तासभर समोर उभा राहून बोलतो, तेवढीच काय ती संधी. भूकंपशास्त्रज्ञाला पृथ्वीच्या पोटात उतरता येत नाही. लहरी कोणत्या ठिकाणी, किती वेळाने आणि किती क्षीण होऊन पोहोचल्या, एवढ्या नोंदींवरून तो आतल्या रचनेचे अनुमान करतो. पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे, हे भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये अशाच नोंदींवरून मांडले. तू तरी दुसरे काय करतेस? पेशीच्या आत काय घडते ते बाहेर मिळणाऱ्या संकेतांवरूनच ताडतेस. त्या व्याख्यानात लहरींपेक्षा अनुमानाची रीत ऐकायला जा.

आता कसे ऐकावे, हे थोडे विस्ताराने सांगतो. १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकायला पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा एक तरुण गेला होता. दुकानात येणाऱ्या एका गृहस्थाने त्याला प्रवेशिका दिल्या होत्या. मायकेल फॅरडे त्याचे नाव. त्याने टिपणे घेतली, नंतर ती आकृत्यांसह विस्ताराने लिहून काढली, स्वतःच्या हाताने त्यांची बांधणी केली आणि वर्षाच्या शेवटी डेव्हींकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो त्याच संस्थेत प्रयोगशाळेचा साहाय्यक म्हणून रुजू झाला. ही गोष्ट चिकाटीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगतात, ते मला अपुरे वाटते. ऐकलेले पुन्हा सविस्तर लिहायला बसले म्हणजे आपल्याला नेमके कुठे कळलेले नाही ते उघडे पडते. फॅरडेचा खरा अभ्यास त्या लेखनात झाला असावा, असे मी समजतो.

याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट तुझ्या विषयाला जवळची आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांनी डीएनएवरील आपल्या कामाविषयी व्याख्यान दिले. श्रोत्यांमध्ये जेम्स वॉटसन होते आणि त्यांनी टिपणे घेतली नाहीत. रेणूभोवती पाणी किती असते, हा आकडा त्यांनी केंब्रिजला परतल्यावर चुकीचा सांगितला आणि त्या आठवणीच्या आधारे त्यांनी व त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांनी काही दिवसांतच डीएनएची तीन साखळ्यांची, फॉस्फेट आतल्या बाजूस असलेली प्रतिकृती उभी केली. ती पाहायला आलेल्या फ्रँकलिन यांनी चूक तत्काळ दाखवली. एक आकडा आणि त्याचे एकक त्या वेळी कागदावर उतरले असते, तर ती नामुष्की बहुधा टळली असती.

म्हणून स्लाइडची छायाचित्रे काढत बसू नकोस. ती पुन्हा कोणी उघडून पाहत नाही, मीही पाहिलेली नाहीत. वही घे. आलेख समोर आला की आधी दोन्ही अक्ष वाच. एकदा एका व्याख्यानात रेषा सरळ दिसते म्हणून वाढही सरळ प्रमाणात आहे असे मी धरून चाललो आणि उभा अक्ष लॉगरिदमचा आहे, म्हणजे त्यावरची प्रत्येक पायरी पटीने वाढते, हे ध्यानात येईपर्यंत अर्धा तास निघून गेला होता. पुढचे सगळे निष्कर्ष मी उलटे ऐकले. व्याख्यानाच्या आदल्या रात्री गोषवारा दोनदा वाचून अडलेल्या दोन संज्ञा पाहून ठेवल्यास तर पहिली दहा मिनिटे वाया जाणार नाहीत.

प्रश्न विचारण्याची तुला भीती वाटते, असे तू लिहिले आहेस. १९२५ च्या अखेरीस झ्युरिकच्या कोलोक्वियममध्ये भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी डी ब्रॉय यांच्या पदार्थलहरींच्या, म्हणजे कणही लहरींसारखे वागतात या, कल्पनेवर भाषण केले. तेव्हा तिथलेच भौतिकशास्त्रज्ञ डिबाय यांनी सहज म्हटले की लहरींविषयी बोलायचे तर लहरींचे समीकरण हवे. विद्यार्थी म्हणून तिथे हजर असलेल्या फेलिक्स ब्लॉख यांनी पुढे ही आठवण सांगितली. काही आठवड्यांनी श्रोडिंगर समीकरण घेऊनच उभे राहिले. डिबाय यांचे म्हणणे साधे होते, जवळजवळ शाळकरी. तूही तसेच विचार: या आलेखातला एक बिंदू म्हणजे किती मोजमापे? कोणते निरीक्षण मिळाले असते तर तुम्ही हा निष्कर्ष सोडला असता? स्वतःचे वाचन दाखवण्यासाठी विचारलेला लांबलचक प्रश्न सभागृहाला लगेच ओळखू येतो, आणि वक्त्याला तर त्याहून आधी.

सगळीकडे जाण्याचा प्रयत्न करू नकोस. आठवड्याला दोन व्याख्याने पुरेत, त्यांपैकी एक परक्या विभागातले असावे, आणि दोन्हींची टिपणे त्याच संध्याकाळी एका पानात लिहून झाली पाहिजेत. भूकंपलहरींच्या व्याख्यानाचे पान मला पाठव. खाडाखोड तशीच राहू दे आणि जिथे धागा सुटला तिथे समासात फुली मार. आपण त्या फुल्यांपासून बोलायला सुरुवात करू.

तुझा शुभचिंतक