त्या उधारीचं मनावर घेऊ नकोस

प्रिय पोरा,

'तू अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही,' असं तुझ्याकडून नशेच्या मालाची पिशवी वाहून घेणारा टोळीतला तो 'भाऊ' सांगतो ना? मग पिशवी तो स्वतः का नेत नाही? तुझी हिंमत बघून त्याने तुला धरलेलं नाही, वय बघून धरलंय.

आणि तेही अर्धं खोटं आहे. सोळा पूर्ण असतील आणि गुन्हा भारी असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक चौकशी करून तुझा खटला मोठ्या माणसासारखा चालवायला पाठवू शकतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, 50 ग्रॅमच्या वर गेली की कायदा तिला 'व्यावसायिक मात्रा', म्हणजे धंद्याचा माल, धरतो. मुठीत मावेल एवढीच! तिला मोठ्या माणसाला कमीत कमी 10 वर्षं सक्तमजुरी आहे, आणि जामीन मिळता मिळत नाही. भुसावळ स्टेशनवर पिशवी घ्यायची, आत बघायचं नाही, इतकंच 'साधं काम' म्हणे.

आता त्या उधारीचं. माल चोरीला गेला, चाळीस हजार तुझ्या अंगावर, फिटेपर्यंत फुकट राबायचं. अरे, असे चोर बऱ्याचदा त्यांच्याच टोळीतले असतात. वकिलीत पोरांच्या तोंडून हेच ऐकत आलोय, मग पोरगं धुळ्याचं असो की चोपड्याचं. आधी मोबाइल, बूट, हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी. मग एक दिवस 'चोरी'. ही उधारी फिटू देतच नाहीत, तुला बांधून ठेवायलाच ती असते. तू त्यांचं एक रुपयाही देणं लागत नाहीस.

ते घरी येऊन दम देतील ही भीती खरी आहे. म्हणून 'मी सोडतो' असं सांगायला एकटा जाऊ नकोस. मोबाइल परत देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस. तुला कोण राबवत होतं ते त्यातच आहे, आणि मुलांकडून अमली पदार्थ विकून किंवा वाहून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 78 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते. तू स्वतः घ्यायला लागला असशील तर तेही लपवू नकोस. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही हेल्पलाइन आहे.

आईवर चिडू नकोस. केळीच्या वखारीतून सुटून ती परस्पर माझ्याकडे आली होती, हातावर चिकाचे काळे डाग तसेच. तिला फक्त तू घरी हवा आहेस.

उद्या संध्याकाळी दोघं या. माझ्यासमोर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावू, मग बाल कल्याण समितीकडे जाऊ. मी सोबत असेन.

तुझे वकीलकाका